जर्मन गव्हाची बिअर : चव आणि पारख

जर्मन गव्हाची बिअर ग्लासात ओतली की गढूळ दिसते. रंग फिकट पिवळ्यापासून केशरी झाकेपर्यंतचा, वर चार बोटे जाड पांढरा फेस, आणि नाक जवळ नेताच पिकलेल्या केळ्याचा व लवंगेचा वास. या बिअरमध्ये केळे घातलेले नसते, लवंगही नसते. दोन्ही वास यीस्ट तयार करते, आणि बाटली जुनी होऊ लागली की सर्वांत आधी तेच विरतात. त्यामुळे या बिअरची पारख करणे म्हणजे बऱ्याच अंशी तिच्या ताजेपणाची पारख करणे होय. बव्हेरियातल्या गावात, कारखान्यापासून दोन रस्ते ओलांडून प्यालेली बिअर आणि समुद्रमार्गे येऊन विरार पूर्वेच्या फुलपाड्यात उघडलेली तीच बाटली यांची चव सारखी असेलच असे नाही. हा फरक ओळखता आला, तर पुढची सगळी परीक्षा सोपी होते.

घटकांपासून सुरुवात करावी लागते. जर्मन नियमानुसार या बिअरच्या माल्टमध्ये निम्मा वाटा तरी गव्हाचा असावा लागतो. बहुतेक कारखाने तो पन्नास ते सत्तर टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात, उरलेला भाग जवाचा. माल्ट म्हणजे भिजवून, मोड आणून, भट्टीत सुकवलेले धान्य. मोड येताना दाण्यात जी पाचकद्रव्ये तयार होतात ती पुढे गरम पाण्यात पिष्टाची साखर करतात आणि त्या साखरेवर यीस्ट जगते. सगळा गहूच का वापरत नाहीत, याचे उत्तर दाण्याच्या बांधणीत आहे. जवाच्या दाण्याला टरफल चिकटून असते. माल्टचा रस गाळताना तेच टरफल नैसर्गिक चाळणीचे काम करते. गव्हाचे टरफल मळणीतच सुटते. केवळ गव्हाचा चोथा लगद्यासारखा घट्ट बसतो आणि रस खाली उतरत नाही. गव्हाचे प्रमाण फार वाढवायचे झाले तर बिअर करणारे त्यात स्वच्छ धुतलेले भाताचे तूस मिसळतात. पालघर जिल्ह्यातल्या कोणत्याही भातगिरणीमागे ज्या तुसाचा ढीग पडलेला असतो, तेच तूस येथे मोलाचे ठरते.

गव्हात प्रथिने जास्त असतात. फेस उंच चढतो आणि टिकतो तो त्यांच्यामुळे, आणि तरंगणाऱ्या यीस्टच्या जोडीला गढूळपणाही त्यांचाच. कडवटपणा देणारे हॉप्स मात्र अगदी बेताने घालतात. कडवटपणा मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मापात ही बिअर आठ ते पंधराच्या आसपास राहते, त्यामुळे कडू चवीचे वावडे असलेल्या माणसालाही ती आवडते. वायूचे प्रमाण उलट भरपूर. साधारण लागर बिअरमध्ये विरघळलेला कर्बवायू बिअरच्या आकारमानाच्या अडीचपट असतो. गव्हाच्या बिअरमध्ये तो साडेतीनपट किंवा त्याहूनही अधिक असतो. जिभेवर येणारा हलका, फुललेला स्पर्श या वायूचा आणि प्रथिनांचा मिळून असतो.

या बिअरचा सगळा स्वभाव मात्र यीस्टच्या हाती आहे. भारतात मिळणाऱ्या बहुसंख्य बिअरी लागर प्रकारच्या. त्यांचे यीस्ट थंडीत, सावकाश काम करते आणि शक्यतो स्वतःची खूण मागे ठेवत नाही. गव्हाच्या बिअरचे यीस्ट उबेत, साधारणपणे १७ ते २४ अंश सेल्सियसला काम करते, आंबवण सुरू असताना वर फेसाळून येते आणि आपली सही सोडून जाते. या सहीत दोन रसायने मुख्य. पहिले आयसोॲमिल ॲसिटेट. पिकलेल्या केळ्यात जो वास असतो त्याचाही मुख्य घटक हाच. दुसरे ४-विनाइल ग्वायकॉल. लवंगेतले युजेनॉल वेगळे, पण दोघांची रेणुरचना जवळची असल्याने नाकाला लवंगच आठवते. या दुसऱ्या रसायनाची कहाणी धान्यापासूनच सुरू होते. गव्हाच्या आणि जवाच्या पेशीभित्तिकांत फेरुलिक आम्ल बांधलेले असते. माल्टचा लगदा ४५ अंशांच्या आसपास थोडा वेळ थांबवला तर ते सुटून रसात उतरते, आणि पुढे हे विशिष्ट यीस्ट त्याचे लवंगेच्या वासात रूपांतर करते. लागरच्या यीस्टला हे जमत नाही.

म्हणजे केळे जास्त की लवंग जास्त, हे बिअर करणारा ठरवू शकतो. लगदा ४५ अंशांवर अधिक वेळ ठेवला की लवंग वाढते. आंबवणाची उष्णता चढवली, किंवा उथळ उघड्या टाक्यांत आंबवले म्हणजे यीस्टवरचा दाब कमी राहून केळे वाढते. उंच बंद टाक्यांत दाब जास्त, तेथे केळे मंदावते. एकाच जातीचे यीस्ट वापरणाऱ्या दोन कारखान्यांच्या बिअरी वेगळ्या लागतात त्या यामुळेच. परीक्षकाने या दोन वासांचा तोल पाहावा. केवळ केळ्याचा जोर पाहून गुण देणे हा नवख्या परीक्षेत सर्रास दिसणारा दोष आहे. केळ्यामागून येणारी लवंग आणि शेवटी कोरडी होत जाणारी चव यांत खरे कसब दिसते.

इतिहासात या बिअरने राजकारणही पाहिले आहे. २३ एप्रिल १५१६ रोजी बव्हेरियाचे ड्यूक चौथा विल्हेल्म आणि दहावा लुडविग यांनी इंगोलश्टाट येथे जो शुद्धतेचा कायदा लागू केला, त्यात बिअरला जव, हॉप्स आणि पाणी एवढेच घटक मान्य होते. यीस्टचे नावही त्यात नव्हते, कारण ते काय करते हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. गहू वगळण्याचे कारण सामान्यतः असे दिले जाते की, गहू पावासाठी राखून ठेवायचा होता. पण १५४८मध्ये डेगेनबर्ग या सरदार घराण्याला गव्हाची बिअर करण्याचा खास हक्क दिला गेला. १६०२मध्ये ते घराणे निर्वंश झाले आणि हक्क ड्यूक पहिला मॅक्सिमिलियन याच्याकडे परत आला. त्याने तो सोडून न देता स्वतःच चालवला, १६०७मध्ये केलहाइमला गव्हाच्या बिअरचा कारखाना उभारला आणि पुढे दीर्घकाळ हा मक्ता राजघराण्याच्या तिजोरीत पैसा ओतत राहिला. जी बिअर करणे प्रजेला निषिद्ध, तीच राजघराण्याचे उत्पन्न, असा हा प्रकार होता.

एकोणिसाव्या शतकात लागरची लाट आली आणि गव्हाची बिअर मागे पडली. १८७२मध्ये गेओर्ग श्नायडर याने राजा दुसरा लुडविग याच्याकडून ती करण्याचा हक्क मिळवला आणि म्युनिकमध्ये तिला पुन्हा उभे केले. १९०७मध्ये याच घराण्याने 'आव्हेंटिनस' ही गडद, जोरकस गव्हाची बिअर आणली; तेव्हा कारभार माथिल्डे श्नायडर या विधवा स्त्रीच्या हाती होता. १९४४च्या बाँबहल्ल्यात म्युनिकचा कारखाना उद्ध्वस्त झाल्यावर श्नायडरची बिअर केलहाइमच्या त्याच जुन्या राजकारखान्यात होऊ लागली. फ्रायझिंगचा वाइहेनश्टेफान हा कारखाना स्वतःची परंपरा १०४०पर्यंत मागे नेतो आणि आज बव्हेरिया राज्याच्या मालकीचा आहे. वाइहेनश्टेफानच्या संग्रहातले यीस्ट जगभरच्या छोट्या बिअर-कारखान्यांत वापरले जाते. १९६०च्या दशकानंतर मागणी पुन्हा वाढली आणि एर्डिंगर, पाउलानर, फ्रान्झिस्कानर ही नावे बव्हेरियाबाहेर पोचली.

प्रकारांची ओळख थोडक्यात पुरे. यीस्टसह भरलेली गढूळ ती हेफेवाइझन. तीच गाळून स्वच्छ केली की क्रिस्टालवाइझन. भाजलेल्या माल्टची तपकिरी ती डुंकेलवाइझन. अधिक माल्टची, सात-आठ टक्के अल्कोहोलची ती वाइझनबॉक. बर्लिनची आंबट 'वाइसे' आणि मीठ-धणे घातलेली 'गोसे' यांतही गहू असतो, पण त्यांची कसोटी वेगळी आणि त्यांना या मापाने मोजू नये.

महाराष्ट्रातल्या ग्राहकाचा खरा गोंधळ होतो तो बेल्जियन गव्हाच्या बिअरशी. होगार्डन ही तिची ख्यातनाम बाटली, आणि २०१५मध्ये आलेल्या 'बिरा ९१ व्हाइट'ने हीच बेल्जियन धाटणी भारतात घरोघरी पोचवली. बेल्जियन प्रकारात मोड न आणलेला गहू वापरतात, शिवाय धणे आणि संत्र्याची साल घालतात. जर्मन प्रकारात माल्ट, हॉप्स, यीस्ट आणि पाणी यांखेरीज काही चालत नाही. 'बिरा व्हाइट'ची सवय झालेल्याला हेफेवाइझनमध्ये संत्रे सापडत नाही म्हणून ती फिकी वाटू शकते. उलट बाजूने जर्मन प्रकाराच्या चाहत्याला बेल्जियन बिअरमध्ये केळे हरवल्यासारखे वाटते. एकीच्या अपेक्षेने दुसरीचे गुण कापणे अन्यायाचे आहे.

मराठी मुलखात ही बिअर ताजी मिळू लागली ती पुण्यात. २००९मध्ये कोरिंथियन्स क्लबात 'डूलाली' हा राज्यातला पहिला सूक्ष्म बिअर-कारखाना सुरू झाला. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांच्या या उपक्रमात बिअर करण्याची जबाबदारी ऑलिव्हर शाउफ या जर्मन उस्तादाकडे होती, आणि सुरुवातीपासून तेथे मिळणाऱ्या बिअरींत हेफेवाइझन होती. टाकीतून थेट ग्लासात येणारी, कधीही बाटलीत न गेलेली ही बिअर अनेक पुणेकरांच्या आयुष्यातली पहिली गढूळ बिअर ठरली. पुढे डोंबिवलीत 'गेटवे ब्रूइंग कंपनी'ने 'व्हाइट झेन' नावाची हेफेवाइझन केली आणि ती पिंपांतून मुंबईच्या हॉटेलांत पोचवली. लोकलच्या नकाशावर विरार आणि डोंबिवली वेगवेगळ्या टोकांना असली, तरी केलहाइमच्या तुलनेत डोंबिवली शेजारीच म्हणायची. ताज्या हेफेवाइझनची ओळख करून घ्यायची असेल तर आयात बाटलीआधी अशी स्थानिक, टाकीतली बिअर चाखणे शहाणपणाचे ठरते. आधी ताजी चव जिभेला माहीत झाली, तरच जुनेपणा ओळखू येतो.

हे तत्त्व वसई-विरार आणि पालघरच्या लोकांना शिकवावे लागत नाही, कारण ताडी त्यांना ठाऊक आहे. भंडारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या उतरवलेली ताडी झाडावरच्या मडक्यातच आंबू लागते. भल्या सकाळची ताडी गोडसर, फेसाळ, फळासारख्या वासाची. दुपारपर्यंत तीच आंबट होते आणि संध्याकाळी शिर्क्याकडे झुकते. ताडी चांगली की वाईट, असे कोणी नुसते विचारत नाही. कधी उतरवली ते आधी विचारतात. गव्हाच्या बिअरचे घड्याळ यापेक्षा पुष्कळ हळू चालते, आणि नीट केलेली असेल तर ती ताडीसारखी आंबतही नाही. पण चालते त्याच दिशेने: जिवंत, फळाळ चवीकडून थकलेल्या चवीकडे.

आयात बाटली कारखान्यातून निघाल्यावर कंटेनरमध्ये काही आठवडे समुद्रावर असते, न्हावाशेवाला उतरते, आयातदाराच्या गोदामात थांबते आणि मग वाइन शॉपमध्ये किंवा बिअर शॉपीत येते. या वाटेवर उष्णता तिचा सर्वांत मोठा शत्रू. ढोबळ मानाने तापमान दहा अंशांनी वाढले की बिअर जुनी करणाऱ्या प्रक्रियांचा वेग दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो. मे महिन्यात वसईच्या दमट उन्हात बंद टेम्पोमधून नेलेली खोकी आणि थंड साखळीतून आलेली खोकी यांचे लेबल एकच असते, आतली बिअर एक राहत नाही. केळ्याचा वास आधी मंदावतो, मग लवंग धूसर होते, फेसाचा दम कमी होतो, आणि त्या जागी ओल्या पुठ्ठ्याचा किंवा मधाचा वास येतो. उजेडाचाही त्रास होतो. दुकानाच्या काचेत, ट्यूबलाइटखाली उभ्या ठेवलेल्या हिरव्या किंवा पांढऱ्या बाटलीत हॉप्समधल्या द्रव्यांपासून एक उग्र, गंधकी दुर्गंध तयार होतो. तपकिरी काच तो बराच रोखते. म्हणून खरेदी करतानाच बाटलीवरची तारीख पाहावी, मागच्या रांगेतली किंवा खोक्यातली बाटली मागावी, आणि मुदतीचा निम्म्याहून अधिक काळ उलटला असेल तर परीक्षेसाठी ती घेऊ नये. स्वस्त पडते म्हणून घेतलेली मुदत संपत आलेली बाटली पिण्यास घातक नसते; पण तिच्यावरून कारखान्याला गुण देणे चुकीचे.

लेबलावरचा आणखी एक आकडा लक्षात ठेवावा. बहुतेक जर्मन गव्हाच्या बिअरींत अल्कोहोल ५.३ ते ५.५ टक्के असते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८च्या नियमांनुसार पाच टक्क्यांपर्यंतची बिअर सौम्य आणि त्यावर आठ टक्क्यांपर्यंतची कडक गणली जाते. त्यामुळे चवीने अगदी हलकी असलेली ही बिअर कागदोपत्री 'स्ट्राँग'च्या रांगेत बसते. भारतात 'स्ट्राँग' म्हणून विकल्या जाणाऱ्या बिअरींचा गोडसर, जळजळीत ठसा मनात असेल तर तो बाजूला ठेवावा. महाराष्ट्रात मद्यपानासाठी परवाना लागतो. सौम्य बिअरसाठी वयाची २१ वर्षे, कडक मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात.

आता प्रत्यक्ष चाखणे. बाटली आदल्या दिवशीपासून फ्रीजमध्ये उभी असावी, म्हणजे यीस्ट तळाशी बसते. घरचा फ्रीज साधारण चार अंशांवर चालतो. आपल्याकडे 'चिल्ड' बिअरचा आग्रह असतो, पण त्या थंडीत वास गोठून बसतात. सात ते दहा अंश हे तापमान योग्य. त्यासाठी बाटली पंधरा मिनिटे आधी बाहेर काढून ठेवावी. उन्हाळ्यात दहा मिनिटे पुरतात. ग्लास उंच, खाली निमुळता आणि वर रुंद असा अर्ध्या लिटरचा असेल तर उत्तम. नसेल तर मोठा वाइनचा ग्लासही चालतो; सरळसोट स्टीलचा पेला चालत नाही, कारण निम्मी परीक्षा डोळ्यांची असते. ग्लास तेलकट हाताने धरलेला किंवा भांड्यांच्या साबणाचा अंश राहिलेला असेल तर फेस बसतो. धुतलेल्या ग्लासात पाणी फिरवून ओतून द्यावे: काचेवर पाण्याचा पातळ पडदा एकसंध राहिला तर ग्लास स्वच्छ, थेंब तुटून ओघळ दिसले तर पुन्हा धुवावा.

ओतण्याला इथे वेगळे महत्त्व आहे. ग्लास गार पाण्याने ओला करून तिरका धरावा आणि बाटली काठाशी लावून सावकाश ओतावे. शेवटची दोन बोटे बिअर बाटलीत ठेवून ती गोल फिरवावी, म्हणजे तळचे यीस्ट उठते. मग उरलेली वरून सोडावी. परीक्षकाने मात्र मध्ये थांबावे. यीस्ट मिसळण्यापूर्वी दोन घोट वेगळ्या ग्लासात काढून चाखावे आणि यीस्ट मिसळल्यावर पुन्हा चाखावे. पहिल्या घोटात माल्ट आणि वायू स्पष्ट कळतात, दुसऱ्यात पावाच्या कच्च्या पिठाचा वास, भरीवपणा आणि लवंग वाढते. एकाच बाटलीतून जवळजवळ दोन बिअरी चाखायला मिळतात, आणि यीस्ट किती ताजे आहे याचा निवाडाही येथेच होतो. ताज्या यीस्टला पावाचा वास असतो. मरून फुटू लागलेल्या यीस्टला मांसाच्या रश्श्याचा किंवा सोया सॉसचा. ग्लासाच्या कडेला लिंबाची फोड लावण्याची हॉटेली पद्धत परीक्षेत वर्ज्य मानावी, कारण लिंबू फेस मारते आणि नेमका जो वास शोधायचा तोच झाकते.

जागेची शुद्धीही पाहावी लागते. शेजारच्या खोलीत उदबत्ती, स्वयंपाकघरात बोंबील तळण्याचा वास, तोंडात सुपारी किंवा बडीशेप, हातावर अत्तर: यांतले काहीही असेल तर परीक्षा पुढे ढकलावी. दोन घोटांमध्ये साधे पाणी आणि पावाचा कोरा तुकडा पुरतो.

पहिल्यांदा नाक. ओतल्यानंतरचा पहिला अर्धा मिनिट मोलाचा. तेवढ्यात गंधकाची हलकी झुळूक येऊन निघून जाते आणि केळे वर येते. येथे वसईच्या माणसाला एक सोय लाभली आहे, ती म्हणजे केळ्यांच्या जाती त्याला नाकाने माहीत असतात. ताज्या हेफेवाइझनमधला वास पिकायला लागलेल्या वेलची केळ्याच्या जवळ जातो: उंच, टोकदार, किंचित आंबूस. उबेत आंबवलेली बिअर अतिपक्व राजेळीकडे झुकते. डुंकेलवाइझन आणि वाइझनबॉक यांत आगाशी-नंदाखाल परिसरात राजेळी उन्हात वाळवून केल्या जाणाऱ्या सुकेळीचा गडद, मधाळ, मनुक्यासारखा वास सापडतो. 'फळांचा वास' असे मोघम लिहिण्यापेक्षा 'वेलची केळे, मागून लवंग, शेवटी गव्हाच्या ओल्या कणकेचा वास' असे लिहिले तर विरारच्या वाचकाला ती बिअर कळते. परदेशी चाचणीपत्रकांत येणारे बबलगम हे केळ्याच्या आणि इतर फळगंधांच्या गर्दीचे नाव आहे. थोडे असेल तर खपते. नेलपॉलिशचा वास आला तर आंबवण बेताबाहेर उष्ण झाले असे समजावे. लवंगेबरोबर जायफळ किंवा मिरी जाणवली तर गुण वाढवावे. दवाखान्यातल्या पट्टीचा किंवा औषधाचा वास आला तर वजा करावे, कारण तो बहुधा पाण्यातल्या क्लोरीनची यीस्टच्या द्रव्यांशी गाठ पडून तयार होतो.

नंतर जीभ. पहिल्या घोटाला गव्हाचा हलका गोडवा, पावाचा आभास, अगदी सौम्य आंबटपणा आणि नावापुरता कडवटपणा अशी क्रमवारी लागते. गिळल्यावर तोंड कोरडे व्हावे आणि पुढचा घोट घ्यावासा वाटावा. गोडवा चिकट राहिला तर बिअर नीट आंबली नाही. लोण्याचा वास, उकडलेल्या मक्याचा वास, कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास हे तिन्ही घाईचे किंवा ढिलाईचे दोष. स्पष्ट आंबटपणा आला तर जंतुसंसर्गाची शंका घ्यावी. ग्लास अर्धा झाल्यावर पुन्हा हुंगावे. तापमान चार-पाच अंश चढल्यावर चांगली बिअर अधिक बोलकी होते, सुमार बिअर तेथेच उघडी पडते. बरेच परीक्षक पहिल्या दोन घोटांवर निकाल लिहून मोकळे होतात, आणि ती घाई या बिअरवर सर्वाधिक अन्याय करते.

गुण देण्याच्या पद्धती अनेक आहेत. बिअर-परीक्षकांच्या अमेरिकी प्रमाणन मंडळाच्या पत्रकात पन्नास गुण असतात: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १०. गव्हाच्या बिअरसाठी हे वाटप थोडे कंजूष वाटते, कारण येथे फेस व गढूळपणा हे केवळ दिखाऊ नाहीत. पण तुलनेसाठी एकच माप सर्वत्र वापरणे सोयीचे पडते. शब्दांच्या बाबतीत डॅनिश शास्त्रज्ञ मॉर्टन मायलगार्ड यांनी १९७०च्या दशकात तयार केलेले चवचक्र उपयोगी आहे. त्यातल्या वर्गांपुढे आपल्या बाजारातली ओळखीची वस्तू लिहीत गेले की ते हातचे होते. स्वतःची जीभ तपासायची असेल तर तीन ग्लासांची चाचणी घ्यावी: दोन ग्लासांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी, ओतणारा वेगळा, आणि चाखणाऱ्याने वेगळा ग्लास ओळखायचा. नामांकित आयात बिअर आणि स्थानिक हेफेवाइझन अशा तऱ्हेने डोळे झाकून चाखली की लेबलाचा धाक किती होता ते कळते.

जेवणाबरोबरची पारख हा स्वतंत्र भाग. म्युनिकमध्ये ही बिअर सकाळी पांढऱ्या सॉसेज, गोड मोहरी आणि प्रेत्झेलबरोबर घेण्याची रीत आहे. आपल्याकडे तिखट जेवणाशी ती जुळवताना सावध राहावे, कारण भरपूर वायू तिखटाची आग वाढवतो. वसईच्या ख्रिस्ती घरांतले किंचित गोडसर फुगे, वाफवलेले किंवा कमी मसाल्याचे पापलेट, साधा रवा लावून तळलेले मासे यांच्याशी तिचे उत्तम जमते. झणझणीत इंद्यालाबरोबर केळे आणि लवंग दोन्ही हरवतात. परीक्षेचा घोट मात्र जेवणाआधी घ्यावा.

नोंद लिहिताना बिअरच्या नावाबरोबर बाटलीची तारीख, कोठून घेतली, दुकानात ती थंडीत होती की फळीवर, कोणत्या ग्लासात आणि किती गार चाखली, हे सर्व यावे. यीस्ट मिसळण्यापूर्वीचे आणि नंतरचे शब्द वेगळे ठेवावे. दोष सापडला तर तो कारखान्याचा की वाटेतला हे शक्य तेथे स्पष्ट करावे: लोणी, मका, कच्चे सफरचंद हे बहुधा कारखान्यातले, पुठ्ठा, मध, हरवलेले केळे हे बहुधा प्रवासातले. खात्री नसेल तर त्याच बिअरची दुसऱ्या तारखेची बाटली, जमल्यास दुसऱ्या दुकानातून, मिळवून पुन्हा चाखावी आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवूनच गुण द्यावेत.